डेस्डेमोनाच्या वाळूवरची बत्ती

"बायो, एवढी रेती नि बत्ती नाय?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा आम्ही अ‍ॅस्टोरियाच्या पुलावर होतो. कोलंबिया नदी ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांच्या मधून पॅसिफिकला मिळते. तिच्या मुखाजवळचा हा साडेसहा किलोमीटर लांबीचा पूल १९६६ मध्ये झाला. अ‍ॅस्टोरियाच्या बाजूला तो इतका उंच आहे की खालून मोठाली मालवाहू जहाजं जातात. पुढे तो झरझर खाली उतरतो आणि मग बराच वेळ पाण्याला लागून धावतो. त्या दिवशी मोठी ओहोटी होती. नदीच्या ऐन मध्यावर, पुलाच्या दोन्ही अंगांना, ओली तपकिरी वाळू नजर जाईल तिथवर उघडी पडली होती.

बाबांची उभी हयात दाभोळच्या खाडीत तरीवर गेली. धोपाव्याहून दाभोळला माणसं, शिधा, सायकली, एखाद्या वेळी नवरा-नवरीसुद्धा त्यांनी पार केली. अंजनवेलच्या डोंगरावर टाळकेश्वराची बत्ती आहे, ती बघत मी मोठी झाले. बाबांच्या हिशेबात खाडीच्या तोंडाशी वाळू असली की तिच्यावर नजर ठेवणारा दिवाही असतोच. तो इथे दिसेना, म्हणून ते अस्वस्थ झाले होते. मी गाडी चालवत होते, काहीतरी उत्तर दिलं आणि विषय बदलला.

हिल्सबोरोला घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मला सोडेना. रात्री नौकानयनाचा नकाशा उघडला. पुलाच्या पश्चिमेला लांबट ठिपकेदार पट्टा होता आणि त्यावर नाव होतं, डेस्डेमोना सँड्स. दीपगृहाची खूण कुठेच नव्हती. थोडं शोधल्यावर एका जुन्या यादीत एकच ओळ मिळाली, की याच वाळूवर १९०२ पासून दीपगृह होतं. सकाळी चहा घेताना बाबांना सांगितलं. ते नुसते म्हणाले, "होतीच. असणारच." सप्टेंबरात ते परत गेले. विमानतळावर आत जाताना वळून म्हणाले, "ती बत्ती कुठं होती ती बघून ठेव."

बघून ठेवायला मला जवळपास दोन वर्षं लागली.

सुरुवात चुकीच्या चित्राने झाली. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या दुकानात मला चौकटीत बसवलेला जुना फोटो दिसला. खांबांवर उभं असलेलं लाकडी घर, छपराच्या मधोमध काचेची खोली, खाली पाणी. चिठ्ठीवर डेस्डेमोना असं लिहिलेलं. मी लगेच विकत घेतला, बाबांना पाठवला, त्यांनी गावात चार जणांना दाखवला. महिनाभराने मला त्यात काहीतरी खटकू लागलं. फोटोत घराच्या पाठीमागे किनारा फारच जवळ दिसत होता. डेस्डेमोनाची वाळू तर नदीच्या मधोमध, सगळ्या बाजूंनी उघड्या पाण्यात आहे. आणखी शोधल्यावर कळलं की या दीपगृहाला एक जुळं होतं. कॅनडाच्या सीमेला लागून असलेल्या ब्लेन गावाजवळ, सेमियामू बंदरात, १९०५ मध्ये त्याच बांधणीचं दीपगृह उभं राहिलं. माझ्या भिंतीवरचा फोटो त्या जुळ्याचा होता. फार वाईट वाटलं. बाबांना फोन करून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जुळ्यातलं एक बघितलंस ना? मग दुसरं ओळखता येईल." त्यांच्या या एका वाक्याने मी पुन्हा कामाला लागले.

मग ठरवलं की फोटोच्या मागे लागायचं नाही, आधी वाळू समजून घ्यायची. अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्याने आपले शे-दीडशे वर्षांपूर्वीचे नकाशे स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. त्या एका गोष्टीबद्दल मी त्या खात्याची कायमची ऋणी आहे. कागदी नकाशे छापणं त्यांनी २०२४ अखेर बंद केलं, पण जुने जपले. मी कोलंबियाच्या मुखाचे नकाशे उतरवून घेतले, एका मापाचे करून ट्रेसिंग पेपरवर काढले आणि जेवणाच्या टेबलावर एकावर एक ठेवले. खिडकीतलं ऊन खालून यावं म्हणून नंतर टेबलाऐवजी ते काचेवर चिकटवले. तेव्हा जे दिसलं ते मी विसरणार नाही. १८५१ च्या नकाशात नदीच्या तोंडाला दोन वाटा आहेत, एक उत्तरेची, एक दक्षिणेची, आणि मध्ये वाळूची बेटं. पुढच्या प्रत्येक नकाशात ही बेटं हललेली आहेत. सँड आयलंड नावाचं बेट तर मुखाच्या मध्यावरून सरकत सरकत वॉशिंग्टनच्या किनाऱ्याला जाऊन टेकलं. किनारे जागच्या जागी आणि मधली वाळू मात्र दर कागदावर वेगळी. दाभोळच्या खाडीत दर पावसाळ्यानंतर बाबा बांबूने तळ चाचपत नवी वाट ठरवायचे, तेच इथे शंभर वर्षांच्या कागदांवर दिसत होतं.

डेस्डेमोना हे नाव १८५१ च्या नकाशात नाही, असणारही नाही. ते आलं एका गलबतामुळे.

सॅन फ्रान्सिस्कोहून अ‍ॅस्टोरियासाठी दुकानदारीचा माल भरून निघालेलं 'डेस्डेमोना' नावाचं तीन डोलकाठ्यांचं जहाज १ जानेवारी १८५७ रोजी या वाळूवर चढलं. कप्तान होता फ्रान्सिस विल्यम्स. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसापर्यंत पोहोचलास तर नवा कोरा सूट देईन, असं मालकाने त्याला कबूल केलं होतं असं सांगतात. जहाजांना वाळूतून आत नेणारा पायलट असतो, त्याची वाट न बघता तो आत शिरला. खालच्या वाळूची खूण दाखवणारा बोया जागेवर नव्हता, वाहून गेला होता. सरकारी जहाज 'जो लेन'ने ओढून काढायचा प्रयत्न केला, तो फसला. माल उतरवून घेताना एक भरलेला तराफा उलटून एक माणूस बुडाला. उरलेल्या सांगाड्याचा लिलाव झाला आणि नाव वाळूला चिकटलं.

हे वाचताना मला त्या कप्तानाचा राग आला नाही. नदीच्या मुखाला उत्तरेकडे केप डिसअपॉइंटमेंटचं दीपगृह १५ ऑक्टोबर १८५६ ला, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी पेटलं होतं. त्याला मुळात एवढा उशीर का झाला? त्याचं बांधकामाचं सामान घेऊन आलेलं 'ओरिओल' जहाज १८५३ मध्ये याच मुखाशी बुडालं. सामान पुन्हा आणून मनोरा बांधला, तर वरची खोली भिंगाला पुरेना, म्हणून तो पाडून परत बांधावा लागला. तो दिवा लागल्यावर खलाशांना वाटलं असणार की आता सगळं नीट होईल. पण डोंगरावरचा दिवा दर्याचं तोंड दाखवतो, आतली वाळू दाखवत नाही. आमच्याकडेही टाळकेश्वराची बत्ती खाडीचं तोंड सांगते. त्यापुढे तांडेलाला स्वतःच बघावं लागतं.

कोलंबियाच्या मुखाशी १७९२ पासून सुमारे दोन हजार लहान-मोठी जहाजं गेली असं मानतात. त्यातलं एक मला विशेष जवळचं वाटलं. 'पीकॉक' हे अमेरिकी आरमाराचं जहाज १८४१ च्या जुलैमध्ये मुखाच्या उत्तरेकडच्या वाळूवर फुटलं. माणसं सगळी वाचली, आणि त्या वाळूला आजही पीकॉक स्पिट म्हणतात. हेच जहाज १८३५ मध्ये ओमानजवळ खडकावर घासून जखमी झालं होतं, तेव्हा दुरुस्तीसाठी मुंबईला आलं होतं. मुंबईच्या गोदीत डागडुजी झालेलं जहाज सहा वर्षांनी इथे वाळूत गेलं. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दीपगृहाचा सरळ इतिहास त्या काळच्या लाइटहाऊस बोर्डाच्या वार्षिक अहवालांत मिळतो. हे अहवाल चाळायची एक पद्धत मला सापडली, ती सांगते, कुणाला उपयोगी पडेल. नाव टाकून शोधायचं नाही, कारण स्कॅन केलेल्या अक्षरांत नाव हमखास चुकलेलं असतं. आधी आपली जागा बोर्डाच्या कोणत्या जिल्ह्यात पडते ते बघायचं आणि मग त्या जिल्ह्याची पानं ओळीने वाचायची. दरवर्षी एका दीपगृहाच्या वाट्याला दोन-चारच ओळी येतात. पण दहा वर्षांच्या ओळी ओळीने लावल्या की माणसांची कुजबुज ऐकू यायला लागते. मध्ये एका कार्यालयाला मी पत्रही लिहिलं होतं, त्याचं उत्तर चार महिने आलं नाही. त्या चार महिन्यांत मी अहवालच वाचत बसले, आणि ते बरंच झालं.

डेस्डेमोनाचा दिवा पहिल्यांदा लागला २४ डिसेंबर १९०२ ला. लाकडी खांब वाळूत ठोकून त्यावर फलाट, फलाटावर दीड मजली लाकडी घर, छपरावर दिव्याची खोली, आणि धुक्यासाठी भोंगा. धुकं हा इथला मोठा शत्रू. दिवा असूनही दिसत नाही अशा वेळी तो भोंगाच जहाजाचा कान धरून त्याला बाजूला नेई. रखवालदार तिथेच राहत. चारी बाजूंनी पाणी, ओहोटीला चारी बाजूंनी वाळू.

याच्या आधी दक्षिण तीरावर पॉइंट अ‍ॅडम्सचं दीपगृह होतं, तेही आज नाही. १८७५ च्या फेब्रुवारीत ते पेटलं. पण १८८५ ते १८९५ या दहा वर्षांत मुखाच्या दक्षिणेला समुद्रात दूरवर दगडी बांध घातला गेला. पाण्याला एकाच वाटेने जोरात जायला लावायचं, म्हणजे ते स्वतःच आपला तळ खरवडून खोल ठेवील, हा त्यामागचा विचार. तो खरा ठरला. पण बांधाच्या आडोशाला वाळू साठत गेली, किनारा पुढे सरकला आणि दीपगृह मागे पडलं. १८९२ मध्ये मुखाबाहेर दिव्याचं जहाज नांगरून ठेवलं होतंच. १८९९ मध्ये पॉइंट अ‍ॅडम्सचा दिवा विझवला आणि १९१२ मध्ये आगीचा धोका नको म्हणून खात्यानेच ती इमारत जाळून टाकली. आपण ज्या घरात दिवा तेवत ठेवला ते घर आपणच पेटवायचं, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्या पॉइंट अ‍ॅडम्सला बरीच वर्षं जोएल मन्सन नावाचा रखवालदार होता. त्याची गोष्ट मी बाबांना फोनवर सांगितली आणि त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. मन्सन पूर्वी केप डिसअपॉइंटमेंटला होता. १८६५ च्या मार्चमध्ये 'इंडस्ट्री' नावाचं जहाज मुखाशी फुटलं, सतरा माणसं गेली. नंतर त्या जहाजाची एक होडी मन्सनला किनाऱ्यावर सापडली, मोडकी. दुरुस्तीला पैसे नव्हते. मन्सन फिडल वाजवायचा. त्याने अ‍ॅस्टोरियात नाचाचे कार्यक्रम ठेवले, तिकीट लावलं, स्वतः वाजवलं आणि जमलेल्या पैशांत ती होडी नीट करून घेतली. पुढच्याच वर्षी 'डब्ल्यू. बी. स्क्रॅन्टन' जहाज वाळूवर गेलं, तेव्हा त्यावरची माणसं याच होडीने वाचवली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ज्या होडीची माणसं गेली, तीच होडी. बरोबर केलन त्याने."

अ‍ॅस्टोरियाला मी चार खेपा केल्या. तिथे कोलंबिया नदीचं मोठं सागरी संग्रहालय आहे, आणि गावात फ्लावेल हाऊस आहे. या दुसऱ्या जागी मी जाणार नव्हते, श्रीमंत माणसाचं जुनं घर बघून मला काय मिळणार असं वाटलं होतं. पण डेस्डेमोनाचा आराखडा करणारा कार्ल लाइक हा जर्मनीहून आलेला वास्तुशिल्पी, आणि फ्लावेल हाऊसही त्याचंच. जॉर्ज फ्लावेल हा इथला नामांकित पायलट, परक्या जहाजांना वाळूतून आत-बाहेर नेण्यावर ज्याने दौलत कमावली. त्याने १८८० च्या दशकात हे घर बांधून घेतलं, त्याला अष्टकोनी मनोरा ठेवला आणि तिथून तो नदीवरची जहाजं बघायचा. वाळूवर पोट असलेल्या माणसाचं घर ज्या हाताने रेखलं, त्याच हाताने पुढे त्या वाळूवर दिवा उभारला. जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून मी उभी राहिले. लाकूड गुळगुळीत, एकही सांधा बोटाला लागत नव्हता. डेस्डेमोनाचं घर साधंच असणार, खारं पाणी आणि वारा सोसायला बांधलेलं. पण तिथल्या दारांना, खिडक्यांना असाच चोख सांधा असेल असं मला मनापासून वाटलं. नदीपलीकडचं नॉर्थ हेडचं १८९८ चं दीपगृहही लाइकचंच, ते अजून उभं आहे.

या नदीवरचा आणखी एक जुना फोटो मी बाबांना पाठवला. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूवर घोडे पोटापर्यंत पाण्यात उतरून भलंमोठं जाळं ओढताहेत, मागे माणसं. साल्मन पकडायची ही इथली रीत ऑरेगनमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरपर्यंत होती. जाळं होडीने अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्याकडे ओढायची. बाबांनी फोटो बघितल्या बघितल्या सांगितलं, "रापण आहे ही." आणि मग पाऊण तास त्यांच्या लहानपणीच्या रापणीबद्दल बोलत होते, कोण कुठल्या दोरीला असायचं, वाटा कसा पडायचा. दीपगृह बाजूला राहिलं. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

१९३४ मध्ये डेस्डेमोनाचं दीपगृह बंद झालं, रखवालदार गेले. त्या जागी नुसता आपोआप लागणारा दिवा राहिला, १९६५ मध्ये तोही विझला. दुसऱ्याच वर्षी पूल झाला. माझ्या मते खरा निकाल आधीच लागला होता. उत्तरेचा दगडी बांध १९१७ मध्ये पुरा झाला, दोन्ही बांधांच्या मध्ये वाट बांधली गेली, गाळ उपसून ती खोल ठेवता येऊ लागली. माणसाने वाट पक्की केल्यावर वाळूवर बसून तिच्यावर डोळा ठेवणाऱ्याची गरज उरली नाही.

आता फक्त जागा बघायची राहिली होती. दीपगृह वाळूच्या पश्चिम टोकाला होतं, म्हणजे पुलावरून ते दिसण्यासारखं नव्हतंच, समोर पडतं ते हॅमंड गाव. जायचं ते मोठ्या ओहोटीला. यावर बाबांचं आणि माझं बरंच बोलणं झालं. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. त्यांनी मला तसंच करून बघायला सांगितलं. पण इथे दिवसाच्या दोन सुकत्या, म्हणजे ओहोट्या, सारख्या नसतात, एक उथळ आणि एक फार खोल. आणि खोल सुकती उन्हाळ्यात सकाळी येते, हिवाळ्यात रात्री. "दोन सुकत्या दोन तऱ्हेच्या?" बाबांना हे फारच नवल वाटलं. शेवटी कोष्टक बघून जूनमधला उधाणाचा एक शनिवार आम्ही दोघांनी मिळून ठरवला. सुकती सकाळी सहाच्या सुमारास होती.

रात्री तीनला घरून निघाले. हॅमंडच्या धक्क्यावर पोहोचले तेव्हा उजाडत होतं. वारा नव्हता, धुकं वर उचललेलं होतं. दुर्बीण लावली. आधी काहीच दिसेना, सपाट करडं पाणी. मग पाण्यावर पक्षी उभे दिसले. पोहत नव्हते, उभे होते, लांबच लांब ओळीत. म्हणजे तिथे वाळू होती. त्या ओळीच्या टोकाला काळे ओंडके पडल्यासारखे दिसत होते. त्यातल्या एकाने मान वर केली तेव्हा कळलं की ते सील आहेत, उन्हाची वाट बघत पडलेले. खांब, फलाट, काही नाही. माझ्या हातातल्या नकाशावर पेन्सिलीची फुली होती, तीही त्याच बाजूला.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळचे सात वाजले होते, ते पडवीत बसले होते. दुर्बिणीच्या काचेला फोन टेकवून मी त्यांना दाखवायचा प्रयत्न करत राहिले. हात थरथरत होता. "ते पक्षी दिसतात ना बाबा, त्यांच्या डाव्या टोकाला. तिथे होती." त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि फोन डोळ्यांजवळ आणला. काही बोलले नाहीत. मागे आईने देवाजवळ दिवा लावल्याचा आवाज आला, घंटी वाजली.

सुकतीची वेळ टळून गेली तरी पाणी बाहेरच जात होतं, नदीचा रेटा मोठा. मी बोलत होते, लाइकबद्दल, भोंग्याबद्दल, जुळ्या दीपगृहाबद्दल. बाबा ऐकत होते, पण त्यांचं लक्ष धक्क्यासमोर नांगरलेल्या एका होडीवर होतं, हे मला मागाहून कळलं. तासाभराने ती होडी हळूच, कुणी ढकलल्यासारखी, जागच्या जागी वळू लागली. नदीकडे असलेलं तिचं तोंड समुद्राकडे झालं.

"फिरलं बघ पाणी," बाबा म्हणाले. "आता भरेल."

मी फोन पुन्हा दुर्बिणीला लावला. ओळीतले पक्षी एका टोकाकडून उडायला लागले होते.